बरोबर आहे ना, मॅडम?

माणसं विचार कसा करतात याचा अभ्यास करणाऱ्याकडे दोनच गोष्टी साठतात. एक, चहाचे रिकामे कप. दुसरी, किस्से. कप आमचे तानोजीअण्णा उचलून नेतात. किस्से कोण उचलणार? ते साठत जातात, साठत जातात, आणि मग कुणी सहज विचारलं, "काय गं, कसं चाललंय काम?" की त्या बिचाऱ्याचा तास-दीड तास गेलाच म्हणून समजा. आता तर मला वेळही भरपूर आहे. का आहे, ते येईलच ओघात.

मी मूळची सांगलीची. बंगळुरातल्या एका संस्थेत पीएचडी करते. विषय सांगितला की लोक घड्याळ बघायला लागतात, म्हणून सोपं करून सांगते. आम्ही माणसाला दोन वाक्यं देतो आणि विचारतो, यावरून तिसरं निघतं का? बस! स्वतःच्या पदरचं काही घालायचं नाही, शेजाऱ्याचा अनुभव सांगायचा नाही, दिलेल्या वाक्यांत राहून उत्तर द्यायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. त्याला सात वर्षं झाली.

माझे प्रश्न मराठीत असतात. घरी एक भाषा आणि कामावर दुसरी, अशी माणसं घरच्या भाषेत तर्क कसा करतात हे मला बघायचं होतं. म्हणजे बंगळुरातली मराठी माणसं हवी होती. ती इथं ढीगभर आहेत. पण मराठी माणसाला एका खोलीत चाळीस मिनिटं वाद न घालता बसवून दाखवा, मी पीएचडी तुमच्या नावावर करून देते!

आमच्या सरांचे दोन नियम. पहिला : सूचना पाळली नाही, तर कागद बाद. उत्तर चुकलं तर हरकत नाही, चुका बघायलाच तर बसलोय. दुसरा : कुणालाही त्याचं उत्तर बरोबर की चूक ते सांगायचं नाही. आणि नेमकं उठताना प्रत्येकजण दारात थांबून विचारतो, "बरोबर आहे ना, मॅडम?" मग मी ठरलेलं वाक्य म्हणते, "यात बरोबर-चूक असं काही नसतं." हे धादांत खोटं आहे. बरोबर उत्तरांचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये कुलपात असतो.

सातवं वर्ष लागलं तेव्हा संस्थेच्या ऑफिसातून इंग्रजीत पत्र आलं. मराठीत सांगायचं तर एवढंच : "साठ जणांची माहिती एकतीस मार्चपर्यंत पूर्ण झाली नाही, तर मुदतवाढ मिळणार नाही." मुदतवाढ नाही म्हणजे प्रबंध नाही. प्रबंध नाही म्हणजे सात वर्षं पाण्यात. आणि माझ्याकडे धड कागद होते एकवीस!

सरांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "साठ कर. मुदतवाढ मिळालीच समज." मी ते पत्र टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलं आणि कामाला लागले.

*

माणसं आणून द्यायचं काम तानोजीअण्णांचं. अण्णा आमच्या लॅबचे अटेंडर. घराणं मराठी, पण पणजोबांच्याही आधीपासून बंगळुरात, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. मी रडकुंडीला आले की ते म्हणतात, "सरी मॅडम, स्वल्प थांबा. मी बघतो." आणि संध्याकाळपर्यंत कुणाला तरी हाताला धरून घेऊन येतात.

त्यांनी आणलेला पहिला माणूस म्हणजे निंबाळकरकाका. साताऱ्याचे, इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी खूश! म्हटलं, हा माणूस सूचना पाळणार.

मी चार कार्डं मांडली. "काका, प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला वार आहे, दुसऱ्या बाजूला नाश्ता. नियम असा : सोमवार असेल, तर मागे उपमा असतो. हा नियम पाळलाय की मोडलाय, हे कळायला कुठली कार्डं उलटावीच लागतील? फक्त बोट दाखवा. उलटू नका."

समोर दिसत होतं : सोमवार, गुरुवार, उपमा, इडली.

आता बहुतेक लोक सोमवार आणि उपमा दाखवतात. खरं म्हणजे उपम्याच्या मागे कुठलाही वार असला तरी नियम मोडत नाही. मोडला तर इडलीच्या कार्डावर मोडतो, तिथं मागे सोमवार निघाला तर. पण बिचाऱ्या इडलीकडे कुणी बघतच नाही.

काकांनी चष्मा पुसला. पहिलं कार्ड उचललं, उलटलं. दुसरं उलटलं. तिसरं. चौथं.

"काका! उलटायची नव्हती!"

"नग किती? चार. चारही तपासले. वरवर दोन बघून माल पास करायला मी काय प्रायव्हेटमध्ये होतो?"

मी कपाळाला हात लावला. तोवर काकांनी माझ्याच पॅडवर रिपोर्ट लिहायला घेतला. तपासलेले नग चार, सदोष नग एक. खाली सही, तारीख. मग इडलीचं कार्ड माझ्यासमोर नाचवत म्हणाले, "याच्यामागे सोमवार आहे. हे कार्ड बनवलं कुणी?"

"मी."

"हं," काका म्हणाले, आणि रिपोर्टात आणखी एक ओळ वाढवली.

कागद बाद. माझ्या नावाचा मेमो मात्र अजून फायलीत आहे.

*

सर्जापूर रोडच्या अनिकेतकडून मला फार आशा होती. पुण्याचा मुलगा, सॉफ्टवेअरवाला. तर्क हा तर याचा रोजचा भात! तो पाऊण तास उशिरा आला, ट्रॅफिकवर दहा मिनिटं बोलला आणि मग तीच चार कार्डं बघून म्हणाला, "मॅडम, रिक्वायरमेंट क्लिअर नाहीये."

मी पुन्हा सांगितलं.

"नाही, ते समजलं. पण उपमा मँडेटरी आहे का? पब्लिक हॉलिडेचं काय? आणि हा रूल लिहिला कोणी, त्याच्याशी एक कॉल होईल का?"

"नियम मीच लिहिलाय. तुम्ही फक्त बोट दाखवा."

त्यानं बोट दाखवलं. थेट इडलीवर! आजवर पहिल्यांदाच कुणी आपणहून इडलीकडे गेलं होतं. मला भरून आलं. तो म्हणाला, "हे कार्ड प्रॉब्लेम देऊ शकतं."

"शाब्बास!" हे मी मनात म्हटलं. तोंडानं म्हणायची सोय नाही.

"तर मग सिंपल आहे. रूलमध्ये 'उपमा किंवा इडली' टाका. एका ओळीचा बदल. सगळी कार्डं पास!"

"अहो, नियम बदलायला मी सांगितलेलंच नाही!"

"मॅडम, फेल होणारी केस पास झाली. अजून काय पाहिजे?"

दारात थांबून 'बरोबर आहे ना' न विचारणारा तो एकटाच. त्यानं विचारलं, "ह्याचं ॲप का नाही बनवत?"

*

सगळ्यात जास्त कागद बाद केले ते रिक्षाच्या प्रश्नानं. मी तो प्रश्न का घातला, कुठल्या मुहूर्तावर घातला, देव जाणे. प्रश्न असा :

"बंगळुरातले सगळे रिक्षावाले मीटरप्रमाणेच पैसे घेतात. मंजुनाथ बंगळुरात रिक्षा चालवतो. मंजुनाथ मीटरप्रमाणे पैसे घेतो का?"

दोन वाक्यं खरी धरली, की उत्तर सरळ 'हो' आहे. पण इथं पहिलंच वाक्य कुणाच्या गळी उतरत नाही! एक गृहस्थ इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. एकानं वाक्य खोडून दुरुस्त करून दिलं. एका कॉलेजकन्येनं खाली लिहिलं, "लेखिका बंगळुरात नवीन असावी."

शेवटी मी प्रत्येकाला आधीच समजावायला लागले : बघा, हे खरं नाही, मलाही माहीत आहे. पण धरून चाला.

नागपूरच्या वानखेडेबाई आल्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा महिन्यांपूर्वी इथं आलेल्या, घामाघूम, चिडलेल्या. मी समजावलं. त्यांनी मान डोलावली. "हो हो, धरून चालते. माझ्या बापाचं काय जाते!" त्यांनी प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. मला हायसं वाटलं, बाई विचार करतायत. मग त्यांनी पेन खाली ठेवलं, पर्समधून मोबाइल काढला आणि म्हणाल्या,

"ह्या मंजुनाथचा नंबर द्या बरं मला."

*

आणखी एक प्रश्न होता. दिसायला सगळ्यात साधा, आणि त्यानंच माझं डोकं सगळ्यात जास्त उठवलं.

"आई बंडूला म्हणाली, 'अभ्यास संपवला नाहीस, तर टीव्ही बघायला मिळणार नाही.' बंडूनं अभ्यास संपवला. त्याला टीव्ही बघायला मिळेल का?"

उत्तर : सांगता येत नाही. आईनं फक्त न मिळण्याबद्दल सांगितलंय. अभ्यास केला तर काय, याबद्दल ती माउली एक अक्षर बोललेली नाही. पण नाही! जो येतो तो छातीठोकपणे 'हो' लिहून मोकळा. इंजिनिअर 'हो', डॉक्टर 'हो', आमच्या संस्थेतल्या एका मोठ्या प्रोफेसरांच्या सौभाग्यवती 'हो'. मी रोज संध्याकाळी कागद तपासताना चरफडायची. अरे, समोर लिहिलंय! एवढं साधं दिसत कसं नाही?

जोशीबाई तर भांडल्याच. महाराष्ट्र मंडळाच्या वर्गात लहान मुलांना मराठी शिकवतात त्या. 'सांगता येत नाही' हा पर्याय दिसल्याबरोबर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझी तिसरी इयत्ता आठवली.

"सांगता येत नाही म्हणजे काय? पोरानं अभ्यास केलाय. न देऊन सांगते कुणाला! आई आहे का कोण आहे?"

"बाई, पण वाक्यात तसं..."

"वाक्यात नसेल. शब्द दिलाय ना तिनं?"

जाताना त्यांनी लाल पेनानं माझ्या प्रश्नपत्रिकेवर शेरा मारला. "मुलांचा आईवरचा विश्वास उडेल असे प्रश्न काढू नयेत."

आणि मग एके दिवशी अण्णा सरोजक्कांना घेऊन आले.

पन्नाशीच्या, जुन्या बंगळुरी मराठी घरातल्या. आमच्याच संस्थेत कुठल्याशा ऑफिसात फायली बघतात, एवढंच अण्णांनी सांगितलं. डब्याची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या. वाचताना प्रत्येक शब्दाखालून बोट फिरवायचं आणि ओठ हलवायचे. मी मनातल्या मनात म्हटलं, झालं, आज दुपार गेली.

मंजुनाथला त्यांनी 'हो' लिहिलं. हसल्या नाहीत, नंबर मागितला नाही. कार्डं : सोमवार आणि इडली. मी खुर्चीत सावरून बसले. मग बंडू आला. बोट फिरलं, परत मागे गेलं, पुन्हा फिरलं. आणि अक्कांनी लिहिलं, 'सांगता येत नाही.'

खरं तर विचारायची परवानगी नसते. मला राहवलं नाही. "अक्का, असं का लिहिलंत?"

"आई कधी देणार नाही तेवढं बोललीय की. कधी देणार, ते बोललीच नाही." त्या जरा घाबरल्या. "चुकलं का?"

बारापैकी बारा! सात वर्षांत एकच माणूस, आणि ती माझ्यासमोर डब्याची पिशवी धरून बसलेली! मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मी अण्णांना कॉफी आणायला सांगितली, माझ्या डब्यातल्या वड्या दिल्या. फक्त एवढंच तोंडून निसटलं, "अक्का, सगळ्यांनी तुमच्यासारखं वाचलं असतं ना, तर माझं काम केव्हाच झालं असतं."

दारात त्यांनी विचारलंच. "बरोबर आहे ना, मॅडम?"

नियम म्हणजे नियम. "यात बरोबर-चूक असं काही नसतं, अक्का."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं, पण काय करणार?

*

डिसेंबरात बत्तीस झाले. सर म्हणाले, शहरातली माणसं पुरे, आनेकलला जा. तिथल्या कारखान्यांत लातूर-नांदेडकडची बरीच मुलं आहेत. मी आणि अण्णा रविवारी बसनं गेलो. एका देवळाच्या हॉलमध्ये बाराजण सतरंजीवर बसले. आंघोळी करून, भांग पाडून, अगदी परीक्षेला आल्यासारखे. त्यांच्यासाठी वेगळा प्रश्नसंच केला होता, कारखान्यातला, ओळखीचा.

मी दहा वेळा बजावलं. एकट्यानं विचार करायचा. शेजाऱ्याचं बघायचं नाही. बोलायचं नाही.

सगळ्यांनी माना हलवल्या. पहिली पाच मिनिटं टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मला वाटलं, चला, एका दिवसात बारा! मी अण्णांकडे बघून हसलेसुद्धा.

बसमध्ये कागद चाळले. पहिल्याचं उत्तर जे, तेच दुसऱ्याचं. तेच तिसऱ्याचं. बाराही कागदांवर तीच उत्तरं, त्याच खाडाखोडीसकट! सहाव्या प्रश्नात सगळ्यांनी आधी 'नाही' लिहून मग 'हो' केलेलं.

पुढच्या रविवारी पुन्हा गेले. म्हटलं, "अरे, काय केलंत हे?"

"भानुदास बारावी पास आहे ना," त्यातला एकजण म्हणाला. "त्याचं बघून लिवलं."

"पण मी एकट्यानं विचार करायला सांगितलं होतं!"

तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, आम्ही बाराजण एका खोलीत ऱ्हातो. कुणाचं बरोबर आलं, कुणाचं चुकलं, असं झालं तर राती स्वयंपाक कोण करंल?"

पुन्हा एकेकाला बाहेर ओट्यावर बसवून, नव्या प्रश्नांवर, तीन रविवार घालवून मी त्यातले आठ कागद मिळवले. भानुदासची उत्तरं, सांगायला हवं, सगळी चुकली होती.

*

इथल्या शिवाजीनगरचे रंगोजीमास्तर माझे ब्लाउज शिवतात. त्यांनाही सोडलं नाही. त्यांच्या कागदावर होतं, "काही शर्ट निळे आहेत." यावरून सगळे शर्ट निळे असणं शक्य आहे का?

"नाही," मास्तर म्हणाले. "सगळे असते तर सगळे म्हणाला असता की."

कागद घेऊन झाल्यावर, आगाऊपणाच माझा, मी त्यांना आमच्या शास्त्रातलं गुपित सांगितलं. तर्कशास्त्रात 'काही' म्हणजे 'निदान एक'. एक असेल, सगळेही असतील. मास्तरांनी मशीन थांबवलं. "खरं?" म्हणाले. "असं चालतं तुमच्यात?"

पुढच्या आठवड्यात लग्नाला जायचं होतं. चार ब्लाउज टाकले होते. सकाळी फोन केला. "मास्तर, झाले का?"

"काही झालेत."

"काही म्हणजे किती?"

"तुमच्या शास्त्रानं चारही असतील, मॅडम. या तुम्ही."

गेले. एक झाला होता.

*

एकतीस मार्च. दुपारचे तीन. कागद एकोणसाठ!

साठावा माणूस बेळगावहून येणार होता, त्याची गाडी चुकली. मी दोन फोनवरून चार जणांना विचारलं. सगळ्यांच्या मिटिंगा. अण्णा म्हणाले, "मी बसतो मॅडम." पण त्यांनी दारात उभं राहून सगळे प्रश्न शंभर वेळा ऐकलेले. सरांनी मान हलवली. मी भिंतीवरच्या पत्राकडे बघत बसले. एका माणसापायी सात वर्षं जाणार होती.

तेवढ्यात दारात कुरियरवाला. हेल्मेट घातलेलं, हातात पुडकं. "सही करा की वो."

मी ताडकन उठले. "कुठले तुम्ही?"

"निपाणीचा. का वो?"

अण्णांनी शांतपणे दार लावून घेतलं.

त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, समजावून सांगितलं, रीतसर सही घेतली. तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि चाळीस मिनिटं, हेल्मेटसकट, मान खाली घालून लिहीत राहिला. सगळ्या सूचना पाळल्या. कार्डाला हात लावला नाही, मंजुनाथबद्दल चकार शब्द काढला नाही. बारापैकी दहा उत्तरं चुकली. काय देखणा कागद होता तो!

"बरोबर आहे न्हवं?" त्यानं विचारलं.

"यात बरोबर-चूक असं काही नसतं."

"आँ? चुकलं तरी चालतंय?" त्यानं हेल्मेट काढलं. केस घामानं चिकटले होते. "मग आधी सांगायचं की! भ्यानं हेल्मेट काढलं न्हाई मी."

साठ! सरांनी माझ्या हातात हात दिला. अण्णांनी म्हैसूरपाक आणला. मी भिंतीवरचं पत्र काढलं, त्याला कपाळ टेकवलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. त्याच संध्याकाळी मुदतवाढीचा अर्ज दिला. आईला फोन करून सांगितलंसुद्धा, सहा महिन्यांत प्रबंध लिहून टाकते.

*

दोन आठवड्यांनी ऑफिसातून बोलावणं आलं. पहिल्या मजल्यावर काउंटर. रांग होती, पण मी मजेत उभी होते. माझा नंबर आला आणि काचेपलीकडे बघते तर सरोजक्का!

"अक्का, तुम्ही इथं?"

"होय की. मुदतवाढीच्या फायली माझ्याकडेच." त्यांनी माझी फाइल काढली. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "मॅडम, साहेबांनी ह्या वर्षी कुणालाच मुदतवाढ दिली नाही. तुमची पण नाही."

मला आधी हसूच आलं. म्हटलं, काहीतरी घोळ आहे. "अक्का, माझे साठ पूर्ण झालेत. एकतीस मार्चच्या आत! तुमच्याच ऑफिसचं पत्र आहे माझ्याकडे." पर्समधून पत्र काढलं, घडी उलगडली आणि काचेखालून सरकवलं. "हे बघा. यात स्पष्ट लिहिलंय!"

अक्कांनी चष्मा नीट केला. पत्रावर बोट ठेवलं आणि शब्दाशब्दाखालून फिरवत, ओठ हलवत वाचलं. बोट परत मागे गेलं. पुन्हा फिरलं. माझ्या मागे रांग चुळबुळत होती.

"मॅडम," अक्का म्हणाल्या, "ह्यात कधी देणार नाही तेवढं आहे. कधी देणार, ते नाही."

पत्र मला तिथूनही दिसत होतं. उलटं दिसत होतं, पण वाचायची गरज नव्हती. वर्षभर सकाळ-संध्याकाळ तेच तर वाचत होते.

अक्कांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर दया होती, आणि आणखीही काहीतरी. जरा पुढं झुकून, रांगेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं,

"बरोबर आहे ना, मॅडम?"

काचेच्या अलीकडे मी आणि पलीकडे त्या. सात वर्षांत एकालाही 'बरोबर' म्हटलं नव्हतं.

"बरोबर आहे, अक्का," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा असा काही खुलला! शेजारच्या टेबलाकडे वळून त्यांनी कन्नडमध्ये सांगितलंसुद्धा, की त्या परीक्षेत आपलं उत्तर बरोबर आलं होतं. मग माझी फाइल पुढं ओढली आणि 'नामंजूर' असा शिक्का मारला.